शिंप्याच्या लेकीची बटणं

"शिंप्याच्या लेकीला बटण लावता येऊ नये! कमाल झाली बुवा," असं साडू हसत हसत म्हणाला आणि शिंप्याच्या हातातला चहा तिथल्या तिथं गार झाला.

रविवारची दुपार होती. सासऱ्यांच्या घरी दोन्ही लेकी, दोन्ही जावई आणि दोन्ही नातवंडं जमली होती. बैठकीच्या मधोमध साडूचा मुलगा उभा होता. वय जेमतेम चार, पण चेहऱ्यावर निवृत्तीला आलेल्या हेडक्लार्कचं गांभीर्य. म्हणून घरात सगळे त्याला 'साहेब' म्हणत. साहेबानं नुकताच एका पायावर उड्या मारत दारापासून खिडकीपर्यंत प्रवास केला होता आणि खिडकीपाशी वळण्याआधी हात लांब करून रीतसर इशाराही दिला होता. मग त्यानं सदऱ्याची सगळी बटणं सोडली, सगळी लावली आणि 'अजून काही काम?' अशा नजरेनं आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. आजीनं अलाबला घेतली.

आणि शिंप्याची लेक? ती कोपऱ्यात स्वतःभोवती गरागरा फिरत होती. तिला भिंगरी म्हणत ते काही उगाच नाही. फिरून फिरून ती सोफ्यावर आदळली, तेव्हा तिच्या झग्याची बटणं झाडून सगळी उघडी होती. एक तर तिनं तोडून नाकात घातलं होतं. ते काढायला आजीला तपकीर शोधावी लागली.

शिंप्याला झोंबलं ते वेगळंच. ज्या सदऱ्याची बटणं लावून साहेबानं टाळ्या मिळवल्या, तो सदरा शिंप्यानंच शिवला होता. साहेबाच्या वाढदिवसाला. लहान बोटांना त्रास नको म्हणून काजं मुद्दाम ऐसपैस ठेवली होती. म्हणजे काजं माझी, कौतुक त्याचं! घोडं माझं आणि वरात साडूची!

हा साडू मोटार चालवायला शिकवायचा. शिकवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्याच्याकडे शिकलेली माणसं पुढं घरात स्वयंपाकघरातून बाहेर येतानासुद्धा हॉर्न देत. शिंप्याची नजरही काही कमी नव्हती. गिऱ्हाइकानं पोट कितीही आत ओढलं, तरी खरं पोट केवढं ते त्याला टेप न लावता कळे. अशी ही दोन गुणी माणसं. पण दोघांना बायका एकाच घरातल्या मिळाल्या आणि तिथंच गणित फिसकटलं. एकाकडे पंखा आला की दुसऱ्याला घरी बसल्या बसल्या घाम फुटे.

त्यात आता शाळेचं आलं. टेकडीवरच्या शाळेत मुलाला घेण्याआधी तिथल्या मोठ्या बाई त्याला तासभर जवळून बघत. अक्षरं नकोत, पाढे नकोत. मूल आईबापाला सोडून राहतं का, आपला कोट आपण घालतं का, पाळी येईपर्यंत थांबतं का, दुसऱ्या मुलात मिसळतं का, एवढंच. तयार असेल त्याला या वर्षी घेत. नसेल त्याला गोड हसून सांगत, "पुढच्या वर्षी या हं."

पुढच्या वर्षी! म्हणजे साहेब दप्तर घेऊन शाळेत आणि भिंगरी घरात. म्हणजे वर्षभराचे सगळे रविवार साडू साहेबाच्या शाळेच्या गोष्टी सांगणार आणि शिंपी त्या ऐकत गार चहा पिणार. नुसत्या कल्पनेनंच शिंप्याच्या पोटात असा जाळ उठला, की त्या आठवड्यात इस्त्रीत कोळसा घालावा लागला नाही.

"ताईचा मुलगा तो माझाच मुलगा," घरी परतताना शिंप्याची बायको म्हणाली. "मी काही जळत नाही हो कुणावर."

"मी तरी कुठं जळतोय?"

"तेच म्हणते मी. फक्त उड्या मारताना त्याचा तो पाय जरा वाकडा पडतो का हो?"

"मला वाटलं मलाच दिसला!" शिंपी उल्हासानं म्हणाला आणि दोघंही कुणावर न जळता बरंच लांबपर्यंत त्या पायाविषयी बोलत गेले.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात शिकवणी सुरू झाली. शिंप्यानं भिंगरीला स्टुलावर उभं केलं, जुना कोट अंगात घातला आणि समजावलं, "हे बटण. हे काज. याला यातून बाहेर काढायचं. लाव बघू."

"येत नाही," भिंगरी म्हणाली.

"बघ तरी."

"बघितलं. येत नाही."

शिंपी गुडघे टेकून तिच्यासमोर बसला, एकेक बटण हळूहळू लावून दाखवलं, तिच्या हनुवटीला बोट लावून "कळलं ना?" म्हणाला आणि मशीनवर जाऊन बसला. शिवण हातभर पुढं गेली नसेल, तोच भिंगरी पुन्हा समोर हजर. कोट सताड उघडा. "बाबा, येत नाही." शिंपी उठला, बसला, बटणं लावून दिली. पुन्हा मशीन. पुन्हा भिंगरी. असं दिवसभर चाललं. संध्याकाळपर्यंत शिंप्याच्या गुडघ्यांवर विजारीला ठिगळ लावायची वेळ आली, आणि एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. बरं, गिऱ्हाईक इतकं भिडस्त, की तो कोट घालून बिचारं महिनाभर तिरकं चाललं.

मधल्या काळात शिंपी चोरून साडूच्या मोटार शिकवायच्या मैदानावरही एक चक्कर मारून आला. पाहतो तर काय, उभ्या मोटारीत साहेब ताठ बसलेला आणि समोर साडू पुठ्ठ्याची लाल चकती धरून उभा. "पाळी कुणाची?" "समोरच्याची." "आपण काय करायचं?" "ब्रेक." शिंपी घरी आला तो जेवलाच नाही.

आणि त्या उपाशी पोटीच त्याला युक्ती सुचली. शिंप्याशिवाय कुणाला सुचलीच नसती.

त्यानं भिंगरीसाठी निळ्या जाड कापडाचा एक झकास कोट बेतला. समोर चार मोठी पांढरी बटणं लावली, लांबूनही दिसावीत अशी. पण ती नुसती वरून शिवलेली. काजं केलीच नाहीत. बटणांच्या खाली, दोन पदरांच्या आत, चार टिचबटणं दडवली. छातीवर थाप मारली की टिच! कोट बंद. ओढला की उघडा. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी बटणं लावण्यात पटाईत आहे.

भिंगरीला तो आवाज भलताच आवडला. टिच, टिच, टिच, टिच.

"ही लबाडी नाही का हो?" बायकोनं विचारलं.

"लबाडी कसली? बटण कोटाला आहे. कोट बंद होतोय. बाईंना आणखी काय पाहिजे?"

बायकोनं थोडा विचार केला. "ताईला बोलायचं नाही हं यातलं," ती म्हणाली. म्हणजे पटलं.

मुलांची वेळ ठरवायला दोघे साडू शाळेत गेले ते एकाच सकाळी, आणि एकमेकांना पाहून दोघांनीही जी धाव घेतली, ती कचेरीच्या दारातच संपली. दार एकच आणि साडू दोन. साडूचं पोट आणि शिंप्याच्या काखेतला कापडाचा गठ्ठा अशी काही पाचर बसली, की शिपायाला दोघांना आतून ओढून घ्यावं लागलं. कारकुनानं वैतागून दोन्ही मुलांना एकच वेळ दिली. तशीही मोठ्या बाईंची पद्धत मुलांना जोडीनं बघायची. एकट्या मुलाचा शहाणपणा खरा नसतो, असं त्या म्हणत.

तो दिवस उजाडला. सकाळी चांगलाच गारठा होता. शाळेच्या लांब ओसरीत दोन्ही बहिणी एका बाकावर बसून एकमेकींच्या मुलांची तोंडभर स्तुती करत होत्या. साडू आला तो शिंप्याच्या काळजात सुरी खुपसूनच. साहेबाच्या अंगात नवा कोरा लाल कोट होता. तयार! दुकानातून विकत आणलेला! घरचा शिंपी असताना! आणि त्याला पितळी बटणं, अशी चकाकणारी की साहेब वळला की भिंतीवर कवडसे नाचत.

"तुम्हाला कशाला त्रास, साडूभाऊ," साडू गोड आवाजात म्हणाला. "आधीच तुमच्या पाठीमागं लेकीच्या बटणांचा व्याप."

शिंप्यानं नुसती भुवई उडवली. त्या क्षणी भिंगरीनं कोट ओढून उघडला आणि छातीवरून हात फिरवून बंद केला. टिच, टिच, टिच, टिच. साडूला वाटलं, पोरगी जिभेनं आवाज काढतेय. पण कोट डोळ्यांदेखत बंद झाला होता. त्याचं तोंड उतरलं. गिऱ्हाइकाकडून वेळेवर शिलाई मिळाल्यावरही शिंप्याला कधी झाला नसेल, इतका आनंद झाला.

पण त्या ओसरीत आणखी दोन जीव झुरत होते, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. भिंगरी पितळी बटणांकडे टक लावून पाहत होती. आणि साहेबाच्या गंभीर चेहऱ्यावर, जन्मल्यापासून पहिल्यांदाच, हाव दिसत होती. त्याला ते टिच पाहिजे होतं.

मोठ्या बाईंनी प्रत्येक मुलामागं एकेक पालक आत घेतला. गळ्यात दोरीनं बांधलेला चष्मा, आवाज मऊ आणि नजर सुईसारखी. दोघा बापांना भिंतीलगत लहान मुलांच्या खुर्च्यांवर बसवलं. साडूच्या खुर्चीला हात होते, त्यात तो कसाबसा कोंबला गेला.

"पालकांनी बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. "खुणा करायच्या नाहीत. खोकायचंसुद्धा नाही. खोकल्यातून उत्तरं सांगणारे वडील मी पाहिलेत."

मुलांनी दाराशी कोट खुंटीला अडकवले आणि आईबापाकडे ढुंकूनही न बघता आत गेली. मूल आईबापाला सोडून राहतं का, हे बघायचं होतं ना? मुलं मजेत राहिली. बापांचेच डोळे पाणावले.

बाईंनी मातीचा एकच गोळा दिला. साहेब हात जोडून थांबला आणि भिंगरीला म्हणाला, "तुझी गाडी आधी." साडूची छाती फुगली, खुर्ची करकरली. भिंगरीनं गोळ्याचे दोन तुकडे केले, लहान साहेबाला दिला, त्याचं तोंड पाहिलं, आणि बदलून मोठा दिला. आता शिंप्याची छाती फुगली. एका पायावर साहेब दारापासून खिडकीपर्यंत गेला. भिंगरीनं उडी मारलीच नाही, एका पायावर उभी राहून तिनं स्वतःभोवती गिरकी घेतली. बाईंच्या भुवया वर गेल्या. साडूच्या खाली आल्या. मग गोल काढायला सांगितला. साहेबानं गोल काढून मधोमध हॉर्न काढला. भिंगरीनं गोल काढून आत चार भोकं काढली.

"हे काय गं?" बाईंनी विचारलं.

"बटण."

'अगं बये, कशाला आठवण करून देतेस!' शिंपी मनातल्या मनात ओरडला.

"चला, आता अंगणात जायचं," बाई म्हणाल्या. "बाहेर गारठा आहे. कोट घाला आणि नीट बंद करा बघू."

शिंपी खुर्चीच्या टोकावर सरकला. मुलं खुंटीपाशी गेली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काही बोलणं नाही, काही नाही. भिंगरीनं लाल कोट काढला. साहेबानं निळा.

दोन्ही बापांच्या घशातून एकदमच कसला तरी आवाज निघाला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. आवाज परत आत गेला.

साहेबानं निळा कोट अंगात घातला, वरचं पांढरं बटण बोटांत धरलं आणि काज शोधू लागला. काज नाही. खालचं पाहिलं. तिथंही नाही. त्यानं पदर उलटा केला, मोटारीचं टोपण उघडून बघावं तसं आत डोकावलं, पुन्हा सुलटा केला. चारही बटणं झाली. साहेबाच्या कपाळावर आठ्या पडल्या. टिच व्हायला काय करायचं, ते तो नेमकं विसरला होता. बटण दिसलं की काज शोधायचं, एवढंच त्याच्या बोटांना माहीत.

"बाई," शेवटी तो म्हणाला, "हा कोट बंद पडलाय." आणि त्याचा खालचा ओठ थरथरू लागला.

आता इथं शिंप्यानं काय करायचं होतं? काहीच नाही. नुसतं गप्प बसायचं. साडूच्या पोराला साध्या चार बटणांनी चारी मुंड्या चीत केलं होतं, बाई ते बघत होत्या, आणि 'पुढच्या वर्षी या हं' हे वाक्य त्यांच्या ओठांवर येऊ घातलं होतं. शिंप्याच्या जळत्या पोटावर गार पाणी पडत होतं. त्या भरात भिंगरीकडे बघायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

पण साडूला राहवेना. "अरे लाव ना! रोज लावतोस ना!"

"पालक, गप्प!"

"गप्प कसा राहू? बाई, कोटाला काजंच नाहीत! या माणसानं काजंच केलेली नाहीत! असला भिकार कोट मी जन्मात पाहिला नाही! गिऱ्हाइकांनाही असंच शिवून देतो वाटतं!"

मत्सर मोठा खरा, पण शिंप्याची शिवण त्याहून मोठी. त्याची शिवण भिकार? शिंपी ताडकन उठला.

"भिकार कुणाला म्हणता? अस्सल टिचबटणं आहेत आत! बैल जुंपले तरी उसवणार नाहीत! साहेब, बाळा, काज शोधू नकोस. थाप मार! छातीवर थाप मार!"

साहेबानं थाप मारली. टिच. त्याचा चेहरा उजळला. टिच, टिच, टिच.

आणि मग खोलीत जी शांतता पसरली, तिच्यात बाहेर ओसरीवर एक बहीण दुसरीला "तुझीच गुणी गं" म्हणत होती, तेही स्वच्छ ऐकू आलं.

"म्हणजे वरची बटणं खोटी," बाई म्हणाल्या.

"खोटी नाहीत," शिंपी खाली बघत म्हणाला. "शोभेची."

"लबाडी!" साडू उठला. त्याच्याबरोबर खुर्चीही उठली. ती तशीच मागं घेऊन तो बोट नाचवत म्हणाला, "बघा बाई! स्वतःच्या लेकीला बटणं येत नाहीत म्हणून हा..."

"येतात की," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. भिंगरी लाल कोटात उभी होती. सगळी पितळी बटणं लावलेली, वरपासून खालपर्यंत, एकही वाकडं नाही. नव्या तयार कोटाची काजं किती घट्ट असतात ते शिंप्याला ठाऊक होतं. मोठ्यांच्या बोटांनाही ती दाद देत नाहीत. तो आ वासून बघत राहिला.

"कुणी लावली गं?" बाईंनी विचारलं.

"मी."

"आधीपासून येतात?"

"हो. बाहुलीची पण लावते."

"मग बाबांना सांगितलं का नाहीस?"

भिंगरीनं बापाकडे पाहिलं, मग बाईंच्या जवळ जाऊन, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा हळू आवाजात सांगितलं, "येतात म्हटलं की बाबा मशीनपाशी जाऊन बसतात. सारखं तिच्याचपाशी बसतात. येत नाही म्हटलं की माझ्यापाशी येतात."

म्हणजे इतके दिवस शिंपी साडूवर जळत होता, आणि शिंप्याची लेक मशीनवर.

शिंप्यानं खिशातला टेप काढला, गुंडाळला आणि परत खिशात ठेवला.

"दोन्ही मुलं तयार आहेत," बाई शांतपणे म्हणाल्या. "हा निळा कोट तेवढा तयार नाही. शाळा सुरू व्हायच्या आत त्याला खरी काजं करून आणा. आणि तुम्ही," त्या साडूकडे वळल्या, "ती खुर्ची कृपा करून इथंच ठेवून जा."

शिंप्यानं काजं केली. तशी देखणी काजं त्यानं आजवर एकाही गिऱ्हाइकाला करून दिली नव्हती. काम करताना भिंगरीला त्यानं मशीनच्या फळीवर बसवलं, आणि तिनं मशीनला दोनदा चापट मारली तेव्हा न पाहिल्यासारखं केलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकापाशी भिंगरी थांबली. निळा कोट सताड उघडा.

"बाबा, येत नाही."

"खोटारडी," शिंपी म्हणाला, आणि गुडघे टेकून बसला. पहिलं बटण लावतो न लावतो, तोच शेजारी धपकन आवाज झाला. बघतो तर साडूही गुडघ्यांवर. समोर साहेब, लाल कोट उघडा, चेहरा हेडक्लार्कचा.

"काय झालं, साडूभाऊ?"

"अहो, त्या दिवसापासून याला बटणं येईनाशी झालीत!" साडू घाम पुसत म्हणाला. "रोज लावणारा मुलगा! आता विचारलं की म्हणतो, विसरलो. घरी माझे गुडघे फुटायची वेळ आली."

शिंप्यानं सहानुभूतीनं मान हलवली आणि हात जरा झपाट्यानं चालवू लागला. साडूनं ते तिरक्या नजरेनं पाहिलं. त्याचेही हात झपाट्यानं चालू लागले.

"झाली आमची!" शिंपी म्हणाला.

"खालचं राहिलंय तुमचं. आमची झाली!"

"तुमचं वरचं खालच्यात गेलंय, साडूभाऊ. सोडा परत."

"तुम्ही आम्हाला शिकवू नका!"

घंटा झाली. भिंगरीनं साहेबाचा हात धरला. फाटकातून वळण्याआधी साहेबानं मोकळा हात लांब करून इशारा दिला आणि दोघं आत गेली. आत खुंट्यांपाशी पोचताच दोघांनी आपापली बटणं भराभर सोडली आणि कोटांची अदलाबदल करून ती पुन्हा लावली.

फाटकाबाहेर दोघे साडू अजून गुडघ्यांवरच होते. लावायला आता एकही बटण नव्हतं.

"जाताना आमच्या साहेबानं मागं वळून पाहिलं हो," साडू फाटकाकडे बघत म्हणाला.

"छे, ती आमची भिंगरी वळली," शिंपी म्हणाला. "दोनदा."

मागं वळून कुणीच पाहिलं नव्हतं. पण मग एकमेकांच्या खांद्याचा आधार घेऊन दोघे उठले खरे, आणि आधी कोण उठलं, यावर त्यांचा वाद अजून चालू आहे.